ऐरण, होल्डर आणि एक नोव्हेंबर

भालकीच्या बाजारात धातूला धातू जोडण्याच्या क्रियेला किती शब्द आहेत, हे एकदा सावकाश मोजून पाहावे. गळकी घागर घेऊन येणारी आपली जुनी मराठी बाई 'डाग लावून द्या' म्हणते. तांब्यापितळेचे काम करणारा 'झाळणे' म्हणतो. दखनी बोलणारा मिस्त्री हाताखालच्या पोराला 'झाल मार' म्हणून सांगतो. कन्नड शेतकरी 'बेसुगे' म्हणतो आणि कन्नडात हाच शब्द माणसामाणसांच्या जुळलेल्या नात्यालाही लावतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा हूक तुटला की मात्र हे सगळेच 'वेल्डिंग' म्हणतात. आणखी एक शब्द आहे, 'संधाता'. महाराष्ट्रातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत वेल्डरला हे नाव आहे. फिटर तो जोडारी, टर्नर तो कातारी, इलेक्ट्रिशियन तो वीजतंत्री. कमालनगर ओलांडून उदगीरकडे गेले की हे शब्द कागदावर भेटू लागतात. भालकीत कोणी 'संधाता आला आहे' असे म्हटले, तर हाडे सांधणारा वैद्य आला असे समजून लोक मोडके हात पुढे करतील!

भालकी आणि उदगीर एकाच रेल्वेमार्गावरची गावे. मग एकाच हुन्नराला दोन गावांत दोन नावे का, आणि त्या नावांमुळे आपल्या मुलांचे काय झाले, हे सांगण्यासाठी हा लेख. मी इतिहासकार नव्हे. १९७८ साली औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वेल्डर या शाखेला बसलो, पुढे काही वर्षे एका साखर कारखान्यात आणि नंतर भालकीतल्या स्वतःच्या शेडमध्ये होल्डर हातात धरला. तथापि हुन्नराचा इतिहास हुन्नरी माणसाने सांगितला नाही, तर त्यात उद्घाटनांच्या तारखांपलीकडे फारसे काही उरत नाही, असा माझा अनुभव आहे.

भात्याजवळची शाळा

माझे आजोबा भालकी तालुक्यातल्या एका खेड्यात लोहार होते. बलुतेदारीत सुतार आणि लोहार थोरल्या ओळीतले. शेतीचे सगळे लोखंड त्यांच्या हाताखालून जाई : नांगराचा फाळ, वखराची पास, तिफणीचे फण, विळे, खुरपी, कुऱ्हाडी. मोबदला सुगीत, धान्याच्या रूपाने. मराठी गिऱ्हाईक त्यांना 'लोहारदादा' म्हणे, कन्नड गिऱ्हाईक 'कंबार' म्हणे. दोन्ही हाकांना ते सारखीच ओ देत.

या सगळ्या कामांत अवघड काम बैलगाडीच्या चाकाची धाव. धाव म्हणजे लाकडी चाकावरची लोखंडी पट्टी. प्रथम चाकाचा परीघ दोरीने मोजायचा. पट्टी त्याहून थोडी तोकडी ठेवून वळवायची आणि तिची दोन टोके एकमेकांवर आणून सांधायची. हे सांधणे म्हणजे जगातले सर्वांत जुने वेल्डिंग होय. त्याला वीज नको, वायू नको, सळई नको. दोन्ही टोके भट्टीत पांढरीफेक होईपर्यंत तापवायची, त्यांवर वाळू किंवा टाकणखार टाकायचा म्हणजे पृष्ठभागावरचा मळ वितळून वाहून जातो, आणि ऐरणीवर ठेवून घणाचे घाव भराभर घालायचे. उष्णता कमी पडली तर जोड बसत नाही. जास्त झाली तर लोखंडातून चांदण्या उडू लागतात, म्हणजे लोखंड जळू लागले. या दोहोंमधला काळ काही श्वासांचा असतो.

जोड बसला की तयार कडे गोवऱ्यांच्या वर्तुळात सगळीकडून सारखे तापवायचे. तापल्यावर ते फुगते. मग तिघाचौघांनी सांडशांनी उचलून ते चाकावर बसवायचे आणि वरून घागरींनी पाणी ओतायचे. लाकडातून धूर निघतो, चाक करकरते आणि कडे आकसून सगळे आरे तुंब्यात घट्ट आवळते. खिळा नाही, स्क्रू नाही. हा 'आकस' शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा; पुढे तो पुन्हा येणार आहे.

या शाळेत पाटी नव्हती. मुलगा प्रथम भाता ओढी, काही वर्षांनी घण मारी, मग कधीतरी सांडशी त्याच्या हाती येई. शिक्षण मुख्यतः डोळ्यांचे होते. लाल, केशरी, पिवळा, पांढरा असे लोखंडाचे रंग ओळखायचे आणि कोणत्या रंगाला कोणते काम करायचे ते बघून बघून शिकायचे. ही शाळा उत्तम होती असे म्हणताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. तिचे दार त्या जातीत जन्मलेल्या मुलाखेरीज कोणाला उघडे नव्हते, आणि लोहाराच्या मुलीने आयुष्यभर भाता ओढला तरी सांडशी तिच्या हाती येत नसे.

जवळच बिदरमध्ये धातूची आणखी एक शाळा शतकानुशतके चालू होती. पंधराव्या शतकात अहमदशाह बहमनीने राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला आणली. त्यानंतरच्या काळात इराणी कारागिरांच्या परंपरेतून येथे बिदरी काम रुजले असे मानतात. जस्तात थोडे तांबे, साधारण सोळास एक या प्रमाणात मिसळायचे, वाळूच्या साच्यात ओतायचे, वर नक्षी कोरून चांदीची तार ठोकून बसवायची आणि शेवटी किल्ल्यातील माती व नवसागर यांच्या द्रावाने सगळे काळे करायचे. काळ्यात चांदी तेवढी उजळ राहते. २००६ साली या कलेला भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०२३ साली बिदरचे शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली. बिदरी कारागीर आणि वेल्डर यांचे नाते काय, असे कोणी विचारील. नाते जस्ताचे. जस्त ४१९ अंशांवर वितळते आणि ९०७ अंशांवर उकळून त्याची वाफ होते. बिदरीची भट्टी त्या मर्यादेत सांभाळावी लागते. वेल्डिंगची ठिणगी पाच-सहा हजार अंशांच्या घरात. तिच्यापुढे जस्ताचा मुलामा दिलेला पाइप आला की पांढरा धूर निघतो, आणि तो छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. आमच्याकडचे मिस्त्री अशा पोराला गूळ नि दूध देतात. खरा उपाय म्हणजे जोडाजवळचा मुलामा आधी घासून काढणे आणि मोकळ्या हवेत बसणे. पण तो सांगायला कोणीतरी शिकलेला माणूस शेडमध्ये असावा लागतो.

विजेचा विस्तव

विजेच्या ठिणगीने धातू वितळवण्याचे प्रयोग युरोपात १८८० च्या दशकात यशस्वी झाले. रशियातील बेनार्डोस याने कार्बनच्या कांडीने ठिणगी पाडून लोखंड जोडून दाखवले. १८९२ च्या सुमारास विजेच्या भट्टीत कॅल्शियम कार्बाइड करण्याची रीत सापडली. त्यावर पाणी टाकले की ॲसिटिलीन वायू निघतो. १९०३ च्या सुमारास फ्रान्समध्ये ऑक्सिजन आणि ॲसिटिलीन एकत्र जाळणारी बत्ती तयार झाली. १९०४ साली स्वीडनमध्ये ऑस्कर शेलबर्ग याने आपली कंपनी काढली आणि पुढच्या काही वर्षांत सळईवर लेप देण्याची युक्ती काढली. हा लेप जळताना धूर होतो, तो धूर वितळलेल्या धातूला हवेपासून झाकतो, आणि वर जो काचेसारखा मळ साठतो तो थंड झाल्यावर ठोकून काढायचा. म्हणजे माझ्या आजोबांच्या टाकणखाराचे काम आता सळईच्या अंगावरच्या लेपाने करायचे होते.

हिंदुस्थानात वायू पुरवणारी इंडियन ऑक्सिजन अँड ॲसिटिलीन कंपनी १९३५ साली निघाली. वेल्डिंगच्या सळया बनवणारी अडवाणी-ओर्लिकॉन कंपनी १९५१ साली.

यंत्रविद्या जातीच्या भट्टीबाहेर शिकवता येते, हे मात्र त्याआधीच आपल्या सीमाभागाच्या दुसऱ्या टोकाला सिद्ध झाले होते. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी शिकवण्याचे कामही केले होते. पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर त्यांनी केला. लोखंडाने जमीन विषारी होईल या भीतीने शेतकरी सुरुवातीला नांगराला हात लावायला तयार नव्हते. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या संस्थानिकांनी जमीन दिली आणि १९१० साली कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. तेथे खेड्यातली माणसे ओतकाम, जोडकाम, नकाशा वाचणे हे सगळे मराठीत शिकली, आणि ती सगळी काही लोहारांची मुले नव्हती.

भालकीला हे वारे लागले नाही, कारण भालकी निजामाच्या राज्यात. आमच्याकडच्या कारागिराचे तोंड पुण्या-बेळगावकडे नव्हते, हैदराबादकडे होते. लालागुड्याचे रेल्वे वर्कशॉप १८९३ चे. १९४२ साली हैदराबाद ऑल्विन मेटल वर्क्स आणि १९४३ साली प्रागा टूल्स हे कारखाने निघाले. कामाची भाषा उर्दू. आजही आमच्या शेडमध्ये 'गुण्या', 'सूत', 'मिस्त्री', 'उस्ताद', 'शागीर्द' हे शब्द फिरतात. मराठी, कन्नड आणि तेलुगू पोरे एकाच उस्तादाच्या हाताखाली एकाच बोलीत शिकत. तो काळ सोन्याचा होता असे मला म्हणायचे नाही. १९४८ पूर्वीच्या त्या राजवटीत मराठी आणि कन्नड शाळांचे काय हाल होते, हे आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी पुष्कळ सांगितले आहे. एवढेच की हुन्नराच्या वाटेवर तेव्हा भाषेचे जकात नाके नव्हते.

एक नोव्हेंबर १९५६

दुसऱ्या महायुद्धात सरकारला कुशल कारागीर घाईने हवे होते. त्यासाठी देशभर तांत्रिक प्रशिक्षणाची केंद्रे निघाली. १९४१ पासून काही तरुणांना बेव्हिन योजनेखाली विलायतेलाही पाठवले. युद्ध संपल्यावर घरी परतणाऱ्या सैनिकांना रोजगार देण्यासाठी १९४५ साली केंद्र सरकारने एक स्वतंत्र महासंचालनालय काढले. १९५० साली त्यातूनच कारागीर प्रशिक्षण योजना निघाली. आज आपण ज्याला आयटीआय म्हणतो ते हेच. लोहाराच्या घरात जन्म न घेताही भट्टीपाशी उभे राहता येईल, असे दार सरकारने पहिल्यांदा उघडले. शिव राव समितीच्या शिफारशीवरून या संस्थांचा दैनंदिन कारभार केंद्राकडून राज्यांकडे देण्याचे ठरले. तो दिवस होता १ नोव्हेंबर १९५६.

हा दिवस सीमाभागातील कोणत्याही मराठी घराला सांगावा लागत नाही. त्याच दिवशी राज्य पुनर्रचना अमलात आली आणि जुन्या बिदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद हा भाग म्हैसूर राज्यात गेला. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात गेले आणि उस्मानाबाद जिल्ह्यात पडले. १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा झाला तेव्हा ते त्यात आले. जहिराबादकडचा भाग आंध्रात गेला. पुढे १९६० साली मुंबई राज्यातून महाराष्ट्र झाला आणि १९७३ साली म्हैसूरचे कर्नाटक झाले.

सीमावादावर या अंकात दरवर्षी अधिकारी लेखणीने लिहिले जाते, मी त्यात शिरत नाही. मला त्या दिवशीचा दुसरा कागद दाखवायचा आहे. एकाच दिवशी जिल्हा वाटला गेला आणि प्रशिक्षण राज्यांच्या ताब्यात आले. त्यामुळे उदगीरचा लोहार आणि भालकीचा लोहार, कदाचित एकमेकांचे व्याही, यांची मुले दुसऱ्या दिवसापासून वेगळ्या भाषेत हुन्नर शिकणार होती. अभ्यासक्रम मात्र एकच राहिला, कारण राष्ट्रीय व्यवसाय प्रशिक्षण परिषद त्याच १९५६ साली स्थापन झाली आणि तिचे प्रमाणपत्र सगळ्या देशात चालणार होते. म्हणजे परीक्षा एक आणि शिकवण्याची वाट वेगळी. भर म्हणून त्याच वर्षाच्या डिसेंबरात वजनमापांचा कायदा झाला आणि इंच-सूत जाऊन मिलिमीटर आले. बाजारातल्या पट्ट्यांची, अँगलची मापे सुतांतच बोलली जात राहिली आणि नकाशा मिलिमीटरमध्ये आला.

माझ्या वाट्याला हे सगळे १९७८ साली आले. सातवीपर्यंत मराठी शाळा, पुढे कन्नड. ज्या संस्थेत शिकलो तिचे नाव येथे महत्त्वाचे नाही. आमचे निदेशक सज्जन होते, कन्नडात समजावत, मध्येच दखनीत येत, आणि शब्द इंग्रजी वापरीत. वेल्डरची शाखा एक वर्षाची, फिटरची दोन वर्षांची. हात लवकर बसला. अडले ते वर्गात. 'डिस्टॉर्शन' हा शब्द फळ्यावर आला आणि त्याखाली कन्नडात दोन ओळी. मराठी शाळेतून आलेल्या आम्ही पाच-सहा जणांनी तो वहीत उतरवला आणि पाठ केला. वस्तुतः ते काय आहे हे मला शिकून आधीच माहीत होते. वितळलेला धातू थंड होताना आकसतो आणि शेजारच्या पत्र्याला आपल्याकडे ओढतो, म्हणून सरळ जोडलेली चौकट वाकडी होते. आजोबांच्या धावेतला आकस तोच हा! त्यांनी ज्या आकसाला कामाला लावून चाक आवळले, तोच आकस वेल्डरच्या चौकटीचे काटकोन बिघडवतो. हे नाते आमच्या वर्गात कोणी जोडून दाखवले नाही. कन्नड मुलांनाही नाही. त्यांच्या घरच्या 'कुलुमे'तले शब्दही, म्हणजे भट्टीचे शब्द, फळ्यावर नव्हतेच. घरची विद्या घरी राहिली आणि वर्गातली वहीत.

कारखान्याचा हंगाम

आमच्या भागात वेल्डिंगची खरी पाठशाळा कोणती, असे विचारले तर मी साखर कारखान्याचे नाव घेईन. हल्लीखेडचा बिदर सहकारी, भालकी तालुक्यात हुंजीचा महात्मा गांधी, इमामपूरचा नारंजा हे कारखाने उभे राहिले आणि त्यांच्याबरोबर वेल्डरची एक पिढी उभी राहिली. ऊस संपला की कारखाना उघडून टाकतात. उन्हाळाभर नळ्या, पत्रे, साखळ्या, दात, टाक्या यांची दुरुस्ती चालते. त्या चार महिन्यांत पोराच्या हाताखालून जेवढ्या प्रकारचा जोड जातो, तेवढा शेडमध्ये चार वर्षांत जात नाही.

त्यातले एक काम वाचकांना सांगण्यासारखे आहे. ऊस चिरडणारे रोलर बिडाचे असतात आणि त्यांच्यावर खोल दात असतात. उसावरून फिरून फिरून ते दात गुळगुळीत झाले की ऊस घसरू लागतो. मग वेल्डर चालू गिरणीत, फिरत्या रोलरसमोर उभा राहून दातांच्या कडांवर कठीण धातूचे ठिपके टाकीत जातो. याला आर्किंग म्हणतात. खाली रस ठिबकतो आहे, वाफ येते आहे, रोलर थांबणार नाही, आणि बीड हा धातू असा की सावकाश तापवला नाही तर तडकतो. तरी ठिपका बसला पाहिजे आणि दुसऱ्या पाळीपर्यंत टिकला पाहिजे. हे काम मी शिकलो तेव्हा हातमोजे ओले झाले की विजेचा झटका बसे. आमचे उस्ताद म्हणत, ठिपका बघू नकोस, ऐक. बरोबर लांबीची ठिणगी भजी तळल्यासारखी सलग चरचरते. लांबली की फडफडते, जवळ गेली की सळई चिकटते. भट्टीपाशी डोळ्यांनी शिकायचे होते, येथे कानांनी. ठिणगीकडे नुसत्या डोळ्यांनी बघताच येत नाही. काळ्या काचेशिवाय थोडा वेळ जरी बघितले, तरी मध्यरात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखे होते. मग घरोघरी बटाट्याच्या चकत्या निघतात. म्हणून या धंद्यात उस्ताद आणि शागीर्द यांना दोन काचा लागतात; एकच काच असलेल्या शेडमध्ये पोरगा वर्षानुवर्षे फक्त उस्तादाची पाठ बघतो.

बॉयलरच्या नळ्यांना मात्र वाटेल त्याला हात लावता येत नसे. १९२३ च्या बॉयलर कायद्याने आणि त्याखालच्या १९५० च्या नियमांनी परीक्षा पास झालेल्या वेल्डरलाच ते काम. २०२५ साली नवा बॉयलर कायदा आला, तरी हे बंधन सुटलेले नाही. बाहेरगावाहून तो परीक्षा झालेला वेल्डर येई, आठ दिवस राही आणि आमच्या चार महिन्यांएवढे पैसे घेऊन जाई. त्याची ठिणगी आमच्यापेक्षा वेगळी दिसत नव्हती. हीच ती मधली पायरी.

मधली पायरी

ठिणगी पाडणे, आडव्या पत्र्यावर सरळ रेघ ओढणे, खिडकीची जाळी आणि फाटक करणे ही पहिली पायरी. ती सहा महिन्यांत येते. शेवटची पायरी म्हणजे दाबाखालच्या नळ्या, जहाजे, स्टेनलेसचे नाजूक काम, ती थोड्यांची. मधली पायरी म्हणजे कोणी नकाशा हातात दिला तर त्यावरून पत्रा आखणे, कापणे, वाकवणे, चौकट काटकोनात ठेवून जोडणे, आणि जोड उभा असो की डोक्यावर, तो आतपर्यंत भरणे. पोट या पायरीवर भरते. आमच्या भागातली बहुतेक मुले तिच्याच खाली थांबली आहेत.

उभ्या जोडात वितळलेला धातू खाली ओघळतो, म्हणून खालून वर चढत जाताना दोन्ही कडांवर क्षणभर थांबावे लागते आणि मधून भरभर जावे लागते. डोक्यावरच्या जोडात ठिणगी आखूड, करंट कमी, आणि अंगावर ठिणग्या. हे सगळे सरावाचे. परंतु कोणत्या कामाला कोणती सळई हे सरावाने कळत नाही, ते वाचावे लागते. आमच्या बाजारात सळई नंबरावर मिळते : आठ नंबर, दहा नंबर, बारा नंबर. दहा नंबर म्हणजे ३.१५ मिलिमीटर, जवळजवळ एक सूत. हा नंबर जाडीचा. डब्यावर दुसरा एक आकडा असतो, ६०१३ किंवा ७०१८. पहिली सळई फाटकाला उत्तम. दुसरी जड कामाची. तिच्या लेपात ओल राहिली तर जोड वरून चांगला दिसतो आणि आतून तडकतो, म्हणून ती भट्टीत वाळवून गरमच वापरायची असते. ट्रॉलीच्या साट्याला ६०१३ चालते म्हणून तिच्या हुकालाही तीच वापरणारे मिस्त्री मी पाहिले आहेत. चढावर भरलेली उसाची ट्रॉली सुटली तर मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचे काय होते, हे आपल्या भागात सांगायला नको.

आकसाचे तसेच. अनुभवी माणूस ट्रॉलीची चौकट प्रथम चारी कोपऱ्यांत थेंबाथेंबाने पकडतो, दोन्ही कर्ण दोरीने मोजतो, मग एकदा या बाजूला थोडे, एकदा समोरच्या बाजूला थोडे असे जोडत जातो, म्हणजे एका ओढीला दुसरी ओढ उत्तर देते. माझ्या शेडमध्ये येणाऱ्या मुलांना मी हे धावेची गोष्ट सांगून शिकवू लागलो. गंमत अशी की बैलगाडीला मोटारचे टायर आले आणि धाव चढवलेली या मुलांनी कधी पाहिलेली नव्हती. मग एकदा जुने चाक आणून गोवऱ्या लावल्या आणि चढवूनच दाखवली. त्यात दोन मुले कन्नड घरातली होती, एक मुसलमान, दोन मराठी. 'आकस' हा शब्द त्या पाचही जणांनी उचलला आणि आजही माझ्या शेडमध्ये तो सर्वभाषिक आहे.

नकाशा हे खरे कुंपण. नकाशात भाषा थोडी आणि रेघा जास्त, तरीही आमची मुले त्यालाच भितात. कारण शाळेत भूमितीचे शब्द मराठीत शिकलेले, संस्थेत कन्नडात ऐकलेले आणि कागदावर इंग्रजीत छापलेले. ज्यांची घरे पुण्याला, हैदराबादला पोरगा ठेवू शकली, त्यांची मुले चाकणच्या कारखान्यांत ही पायरी चढली. बाकीची फाटके करीत राहिली. आता परिस्थिती थोडी पालटली आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय अनुदेशात्मक माध्यम संस्थेने आयटीआयची पुस्तके मराठी, कन्नड आणि इतर भारतीय भाषांत काढली आहेत. हुमनाबादला कर्नाटक शासनाचे टूल रूम व प्रशिक्षण केंद्र आहे. या केंद्रांची सुरुवात १९७२ साली डेन्मार्कच्या मदतीने बंगळुरात झाली होती. भालकीत तर १९८२ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. मशीनही बदलले. पूर्वी तेलाचे जड यंत्र आणि दोन फेज लागत. रात्री लाइट आली की आम्ही उठून काम करायचो आणि गल्लीतले दिवे आमच्या ठिणगीबरोबर मिचकावायचे. आता सात-आठ किलोचा इन्व्हर्टर घरच्या विजेवर चालतो. सराव करायला आज पूर्वीएवढी अडचण नाही. मुलींनाही नाही, आणि हे मी मुद्दाम लिहितो.

आपल्याच रेल्वेमार्गाच्या टोकाला, लातूरला, रेल्वे डब्यांच्या कारखान्याची पायाभरणी २०१८ साली झाली आणि २०२० च्या डिसेंबरात तेथे पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. आजचे डबे स्टेनलेस पोलादाचे, सगळे जोडलेले. तसल्या कामावर घेताना मुलाला भाषा विचारीत नाहीत. त्याच्यापुढे दोन पट्ट्या ठेवतात, त्यांच्या कडा तिरप्या घासलेल्या असतात आणि मध्ये बारीक फट. जोड उभा भरायचा की डोक्यावर, ते नकाशावर लिहिलेले असते. भरून झाला की त्या जोडातून पट्टी कापतात, दोन्ही बाजूंनी घासून गुळगुळीत करतात आणि दाबाच्या यंत्रात घालून नालाच्या आकारात पुरती वाकवतात. मग बाहेरची बाजू उजेडात धरून पाहतात. चीर तीन मिलिमीटरपेक्षा, म्हणजे आपल्या सुतापेक्षा, मोठी नसली की त्याचे नाव पुढे जाते. गेल्या वर्षी माझ्या शेडमधली दोन मुले अशी परीक्षा द्यायला गेली. एकाची पट्टी अखंड वाकली. दुसऱ्याची मुळाशी उघडली. तो आता रोज सकाळी शेड उघडण्यापूर्वी येऊन उभ्या जोडाच्या दोन पट्ट्या भरतो, कापतो आणि शिकंजात धरून हातोड्याने वाकवून बघतो.